कानाला सोसेल असा हेडफोन
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या बैठकीत केलेले भाषण)



दरवर्षी या बैठकीत कोणी लोणच्याच्या खारावर बोलते, कोणी बचतीवर बोलते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर कानाला ते लावून बसता, त्याच्यावरच बोला की." मी सातवी शिकलेली. विजेच्या यंत्रावर बोलण्याचा मला अधिकार तो काय! पण पोळपाटावर बोलायला काही सुतार व्हावे लागत नाही. ज्या वस्तूशी रोज चार-साडेचार तास गाठ पडते, तिचे गुणदोष बाईच्या ध्यानात येतातच. तेवढेच सांगते.

मी एवढा वेळ ऐकते काय, असे पुष्कळजणी विचारतात. तुम्हांला ठाऊक आहे, मी मजुरीवर परकर शिवते. हात मशीनवर, डोळे शिवणीवर. कान मात्र रिकामे. आमच्या वेळी सातवीनंतरची शाळा गावात नव्हती, तेव्हा तिथेच शिक्षण थांबले. आता लेकीने सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसायचा आग्रह धरला आहे. इतिहासाचे आणि विज्ञानाचे धडे ती आपल्या आवाजात फोनवर वाचून ठेवते आणि मी ते शिवताना ऐकते. एक धडा तीन-चार वेळा ऐकला की डोक्यात बसतो. मधूनच "आई, हे नीट लक्षात ठेव गं" असेही ऐकू येते, तेव्हा हसू येते. संध्याकाळी आकाशवाणी, रात्री एखादी कादंबरी. आपल्या आया-सासवांनी घरातली कामे उरकताना रेडिओवरचे 'वनिता मंडळ' ऐकले, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की त्यांचा रेडिओ सगळ्या घराला ऐकू येई, माझा मला एकटीला.

आता हा हेडफोन कानाला दुखला तर ऐकणे थांबते, आणि ऐकणे थांबले तर माझी शाळा पुन्हा थांबते. म्हणून मी या वस्तूकडे जरा बारकाईने बघायला लागले.

ही वस्तू मुळात स्वयंपाकघरात जन्मली, हे मला लेकीकडून कळले आणि फार बरे वाटले. अमेरिकेत युटा म्हणून प्रांत आहे. तिथे नॅथॅनिअल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० साली आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून अमेरिकेच्या आरमाराकडे पाठवले. आरमाराला ते पसंत पडले. डोक्यावरची पट्टी त्याने कातडे मढवलेल्या तारांची आणि लहानमोठी करता येईल अशी केली होती. म्हणजे आवाजाइतकाच डोक्याला काय सोसेल याचाही विचार त्या काळी करावा लागला. त्याच्या घरच्या बाईचा ओटा किती दिवस अडून राहिला असेल, ते मात्र कुठे लिहिलेले नाही!

पुढे पुष्कळ वर्षे हेडफोन जडच होते. १९७९ साली जपानात सोनी कंपनीचा वॉकमन निघाला, तेव्हा त्याच्यासोबतचा हेडफोन ५० ग्रॅमच्या घरातला होता. त्याआधी तीन-चारशे ग्रॅमचे हेडफोन लोक डोक्यावर बाळगत. आज कानाभोवती गादी येणारे जे मोठे हेडफोन मिळतात, ते साधारण २०० ते ३०० ग्रॅमचे असतात. काही त्याहून जड. दुकानात हातात घेतल्यावर अडीचशे ग्रॅम काहीच वाटत नाही. पण पाव किलो साखरेची पुडी डोक्यावर ठेवून, मान खाली घालून दोन तास शिवायला बसा म्हणजे कळेल. मान ताठ ठेवून ऐकणाऱ्याला जे वजन चालते, ते वाकून काम करणाऱ्या बाईला चालत नाही. मी घरच्या काट्यावर दोन-तीन हेडफोन तोलून पाहिले. माझ्या मानेची मर्यादा २२० ग्रॅमच्या आसपास आहे. तुमची निराळी असेल.

वजनाहून जास्त छळतो तो दाब. दोन्ही बाजूंनी डोके चिमट्यात धरल्यासारखे होते, ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, अर्ध्या तासाने कळते. थोरल्याने त्याचा जुना हेडफोन मला दिला होता. आवाज सुरेख, पण तासाभरात कानशिले ठणकू लागत. आवाज चांगला असणे आणि हेडफोन सोसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदार पहिलीबद्दलच बोलतो. तेव्हा दुकानात निदान वीस मिनिटे तरी डोक्यावर ठेवून बघावे, लाजू नये. साडी घेताना आपण पंचवीस घड्या मोडायला लावतो, तिथे नाही लाजत! मान खाली घालून जमिनीवर सुई शोधल्यासारखे करावे. हेडफोन घसरून पुढे आला तर सैल, आणि कानशिलाच्या हाडावर बोट ठेवल्यासारखे वाटत राहिले तर घट्ट. पट्टी आतून धातूची असेल आणि किंचित घट्ट असेल, तर डोक्याहून थोड्या रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवला की सैलावतो. प्लास्टिकच्या पट्टीला हा प्रयोग करू नये, मोडते.

आता हेडफोनच्या जाती. एक कानाभोवती बसणारा, म्हणजे त्याच्या वाटीत सबंध कान मावतो. दुसरा कानावरच टेकणारा. तिसरा कानात बोंड घालायचा. कानावर टेकणारा दिसायला आटोपशीर आणि स्वस्त, पण जास्त वेळ ऐकणाऱ्या बाईने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कानाची वरची कड ही नुसती कुर्चा. तिच्यावर गादी दाबून बसली की तासाभरात ती लाल होते.

कानाभोवतीचा घ्यायचा तर शिवणकामाची टेप पर्समध्ये घालूनच दुकानात जावे. माझा कान उंचीला साडेसहा सेंटिमीटर भरला. वाटीच्या आतले भोक त्याहून मोठे हवे, नाहीतर नावाला कानाभोवतीचा आणि प्रत्यक्षात कानावरचा. खोलीही बघावी. आत बोट घालून पाहावे. कानाचा शेंडा आतल्या कापडाला घासत असेल, तर पहिल्या दिवशी नाही पण चौथ्या दिवशी तिथे दुखरी जागा होणारच.

आणि आता ती गोष्ट, जी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. आपल्या कानात दागिने असतात! हे हेडफोन बनवणाऱ्यांच्या मनात बुगडी नसते, झुबे नसतात, कुडी नसते. बुगडी घालून तर कुठलाही मोठा हेडफोन चढायचा नाही. कुडीचे दुखणे पुढून नाही, मागून आहे. पाळीमागची फिरकी गादीने मानेकडे दाबली जाते आणि कातडीत रुतते. माझ्या जाऊबाईंना तिथे जखम झाली होती. त्यांना वाटले सोन्यात खोट आहे! शिवताना मी कुड्या काढून डबीत ठेवते आणि कानात नुसती बारीक तार ठेवते. ज्यांच्या घरी कान रिकामे ठेवलेले चालत नाहीत, त्यांनी चपट्या फिरकीचे टॉप्स वापरावेत आणि हेडफोन घेताना तेच घालून जावे. चष्म्याचेही तसेच. काडी जाड असली तर गादी आणि कानशील यांच्यामध्ये ती दाबली जाते, डोके दुखते ते वेगळेच आणि फटीतून बाहेरचा आवाज आत शिरतो. गादी मऊ आणि जाड असेल तर काडी तिच्यात बुडते. माझा चष्मा गेल्या वर्षी लागला. त्याची काडी मी मुद्दाम बारीक घेतली.

केसांचे एक. डोक्यावरून जाणारी पट्टी अंबाड्याला आड येत नाही, क्लिपला येते. मानेमागून जाणारी पट्टी मात्र खालच्या अंबाड्यावर आपटते. आणि तेल! गादी बहुधा रेक्झिनची असते. केसांचे तेल आणि घाम लागून वर्ष-दीड वर्षात तिचे पापुद्रे सुटतात आणि गालाला काळे कण चिकटतात. आपल्याकडचा उन्हाळा धरला तर चैत्र-वैशाखात रेक्झिनखाली कान उकडून निघतात. मखमली किंवा कापडी गादीतून हवा खेळते, पण तिच्यातून बाहेरचा आवाजही जास्त येतो. काही हेडफोनची वाटी बाहेरून जाळीची असते. ती सगळ्यात गार, पण आपले ऐकणे शेजारणीलाही ऐकू जाते आणि शेजारणीचे बोलणे आपल्याला. मी रेक्झिनवर जुन्या सुती बनियनच्या कापडाचे खोळ शिवून चढवते, आठवड्याला धुते. आवाज किंचित बदलतो, तो मी चालवून घेते. विकत घेताना गादी निघते का, आणि तिच्या मापाची दुसरी मिळते का, हे आधीच विचारावे. गादी गेली म्हणून सबंध हेडफोन टाकणे म्हणजे उशीचा अभ्रा फाटला म्हणून उशी फेकणे.

बोंडाच्या इयरफोनबद्दल थोडक्यात. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची बोंडे येतात, आणि बहुतेकजणी मधली लागलेली असते तीच ठेवतात. आपले दोन कान सारख्याच मापाचे असतील असेही नाही. माझ्या डाव्या कानाला लहान लागते. बोंड घालून सुपारी चघळून बघावी. जबडा हलला की चुकीच्या मापाचे बोंड बाहेर येते. स्पंजाची बोंडे मिळतात, ती कानात फुलून बसतात आणि कमी टोचतात. पण तासन् तास बोंड घातले तर कान ओलसर राहून खाज सुटते, आणि मळ आत ढकलला जातो. ज्यांचा कान वाहतो त्यांनी बोंडाच्या नादी लागू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

वायरचा हेडफोन स्वस्त आणि त्याला चार्जिंगची कटकट नाही. पण शिवणाऱ्या बाईने मशीनवर बसताना लोंबती वायर ठेवू नये. चाकात पदर गेलेला आपण पाहिला आहे. वायर गेली तर डोकेच ओढले जाईल. मी बिनवायरचा घेतला तो याच कारणाने.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपले इचलकरंजी यंत्रमागाचे गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि त्यावर आपली सगळ्यांची चूल पेटली, हे कोणी नाकारणार नाही. पण माझ्या वडिलांनी मागावर तीस वर्षे काढली आणि आज त्यांच्या कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना कळत नाही. नातवंडे गोष्ट सांगायला येतात, आबा नुसते हसून मान हलवतात. त्यांना गोष्ट ऐकू आलेली नसते. मागाच्या खोलीतला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही हद्द धरली आहे. आबांच्या वेळी त्यांच्या कानात कापसाचा बोळासुद्धा कोणी दिला नाही.

आमच्या भिंतीपलीकडे आजही माग चालतात. दिवसा माग सुरू झाले की धडा ऐकू येईनासा होतो आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. इथेच धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी हिशेब दिला आहे: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. गणित सातवीच्या बाईलाही जमण्यासारखे आहे. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणजे ८० वर ठेवले तर रोज साडेपाच तास ऐकावे. ८९ वर नेले तर आठवड्याचा शिधा एका दिवसात संपला. लहान मुलांसाठी तर त्यांनी ७५ डेसिबलच सांगितले आहे. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, जन्मतः सोळा हजारांच्या आसपास. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात म्हणे! देवाने कोंबडीवर जी कृपा केली ती आपल्यावर केली नाही.

म्हणून आमच्यासारख्या गल्लीत हेडफोन घेताना पहिली कसोटी ही, की बाहेरचा आवाज तो किती अडवतो. जेवढा अडवील तेवढा आतला आवाज कमी ठेवता येतो. हल्ली विजेच्या युक्तीने बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन मिळतात. ते पंख्याची घरघर, एसटीच्या इंजिनाची गुणगुण छान मारतात; मागाच्या खटखटीवर त्यांची मात्रा तेवढी चालत नाही. तिथे जाड, चोहीकडून नीट बसणारी गादीच कामाला येते. काहीजणींना त्या युक्तीने कानात दडा बसल्यासारखे वाटते. तसे वाटले तर ती बंद ठेवता येते.

मी एक साधी रीत ठेवली आहे. रात्री माग बंद असताना, घर शांत असताना, धडा नीट कळेल एवढा आवाज लावून बघितला. फोनवर त्या रेघा मोजल्या, आठ भरल्या. दिवसा काही झाले तरी नऊच्या वर जायचे नाही. नऊला कळेना झाले तर धडा बंद करायचा आणि माग थांबेपर्यंत नुसते शिवायचे. वीज गेली की आमच्या गल्लीत दोन गोष्टी होतात: मालक हळहळतात आणि माझा इतिहास पुढे सरकतो. तासाभराने दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवते, तेवढ्यात चहा होतो. ऐकून उठल्यावर कानात शिटी वाजल्यासारखे वाटले, किंवा दुसऱ्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटले, तर आवाज जास्त झाला असे समजावे. हे वरचेवर व्हायला लागले तर घरगुती तेल-लसूण न करता कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

पण कान बंद केले तर घर कोण ऐकणार? हा प्रश्न पुरुषांना पडत नाही, आपल्याला पडतो. कुकरच्या शिट्ट्या, दारावरची घंटा, सासूबाईंची हाक. स्वयंपाक करताना मी मोठा हेडफोन लावतच नाही. तिथे कान मोकळे ठेवणारा प्रकार बरा. गालाच्या हाडावर टेकून हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन निघाले आहेत. त्यात कुडीही अडत नाही आणि शिट्टीही ऐकू येते. पण मागाच्या आवाजात त्यांचा उपयोग नाही, कारण कान उघडाच असतो आणि हात पुन्हा आवाज वाढवतो. एकाच कानात बोंड घालूनही काम भागते. फोनमध्ये दोन्ही कानांचा आवाज एकत्र करायची सोय असते, ती मुलांकडून करून घ्यावी. मात्र एका कानाने ऐकताना आवाज वाढवावासा वाटतो, तिकडे लक्ष ठेवावे. शिवायला बसते तेव्हा सासूबाईंनी माझ्या खुर्चीला दोरी बांधून घेतली आहे. हाक ऐकू आली नाही तर त्या दोरी ओढतात. घरात सगळे हसतात, पण सोय उत्तम आहे.

किमतीविषयी विचाराल तर माझा हेडफोन परकरांच्या दोन आठवड्यांच्या मजुरीत आला. त्याहून महाग पुष्कळ आहेत आणि ते सगळेच जास्त सोसतात असे नाही. परत करायची मुदत असेल अशाच ठिकाणाहून घ्यावा, आणि त्या मुदतीत रोज आपल्या कामाच्या वेळेइतका वापरून बघावा. कपाटात ठेवून मुदत घालवू नये.

माझा हेडफोन मी आज बरोबर आणला आहे. वाण लुटून झाले की त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवते, धुतलेली खोळ आणि एक कोरडे फडकेही ठेवते. ज्यांना बघायचे असेल त्यांनी कुड्या, चष्मा, गजरा, जे रोज असते ते अंगावर ठेवूनच घालून बघावे. आत विज्ञानाचा चौथा धडा लावलेला आहे. तो ज्यांना कळेल त्यांनी मला समजावूनही द्यावा.